काळोखातली हजेरी आणि खिडकीबाहेरचा समुद्र

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, तळमजला (जिन्याखालची खोली)

विषय : पदव्युत्तर प्रात्यक्षिक परीक्षेत हजर असूनही न दिसल्यामुळे दिलेला ‘गैरहजर’ शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे समुद्राबाबतचे पत्र.

महोदय,

अर्जदार हा रंगमंच तंत्र व निर्मिती व्यवस्थापन या पदव्युत्तर वर्गाचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. त्याला सदर प्रकरणाची शिसारी आली आहे, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो, म्हणजे पुढे जागोजागी नमूद करावे लागणार नाही.

१. या वर्गात पहिल्याच दिवशी विभागप्रमुख बाई एक वाक्य शिकवतात : “दिसलास की मेलास.” पडद्यामागचा माणूस प्रेक्षकाला दिसला की त्याचे गुण कापले जातात. म्हणून काळा सदरा, काळी विजार, काळे बूट. अर्जदाराचे दात फार पांढरे म्हणून विंगेत हसण्यासही त्याला मनाई आहे. अंतिम परीक्षा म्हणजे एक संपूर्ण नाटक पडद्यामागून चालवून दाखवणे. बाहेरचे परीक्षक पहिल्या रांगेत बसून गुण देतात.

२. परीक्षेच्या प्रयोगात दुसरा अंक सुरू होताच नायकाच्या खोलीची कापडी भिंत मागून पेलणारी टेकणी मोडली. भिंत पुढे झुकू लागली. अर्जदाराने धावत जाऊन ती मागून दोन्ही हातांनी धरली व अंक संपेपर्यंत सोडली नाही. आता ही भिंत खिडकीची आहे. नायकाचा घसा बसलेला असल्याने तो अंकभर कोमट पाण्याच्या गुळण्या करतो आणि खिडकीबाहेर थुंकतो. तालमीत तेथे बादली असे. अर्जदाराला उभे राहता यावे म्हणून एका मित्राला बादली हलवावी लागली, आणि पुढील सर्व गुळण्या अर्जदाराने स्वीकारल्या. नायक भूमिकेशी अत्यंत प्रामाणिक होता. शेवटची गुळणी तर त्याने दिग्दर्शकाने न सांगता, स्वयंस्फूर्तीने केली.

३. भिंत हलली नाही. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी गुणपत्रकावर लिहिले : “नाटक आपोआप सुरळीत पार पडले. विद्यार्थी कोठेही आढळला नाही. गैरहजर.” मागे दिवे, पडदे, दोर सांभाळणारे सर्व सहाध्यायी याच न्यायाने गैरहजर ठरले आहेत. अपवाद एकच. बादली बाजूला नेणाऱ्या मित्राच्या हातून ती निसटली व गडगडत थेट नायकाच्या पायांशी गेली. मित्र तिच्यामागे उजेडात आला, लोक बघताहेत म्हणून घाबरून वाकून नमस्कार करता झाला, आणि बादली घेऊन परतला. त्याला विशेष प्रावीण्य मिळाले आहे. शेरा : “रंगमंचावर सहज वावर.” धाकट्या वर्गाला बादली कशी टाकावी याचे मार्गदर्शन तो करणार असल्याचे कळते. अर्जदार त्याच्याशी बोलत नाही.

४. अर्जदार आपल्या कार्यालयात दाद मागण्यास आला असता लिपिक साहेब म्हणाले, “नाटक झालं हो, कोण नाही म्हणतंय? तुम्ही होता कशावरून?” अर्जदाराने प्रयोगाचे छायाचित्र दाखवले. साहेबांनी ते उलटसुलट धरून “यात तुम्ही कोणते?” असे विचारले. अर्जदाराने बोट ठेवले. “तो पडदा आहे,” साहेब म्हणाले. अर्जदाराने तो न धुतलेला सदरा टेबलावर ठेवला. साहेबांनी नाकाला रुमाल लावून “पुरावा जरा लांब धरा” असे सुचवले व नायकाची साक्ष मागवली. नायकाने लिहून दिले : “खिडकीबाहेर समुद्र आहे असं मला तालमीत सांगितलं होतं. मी समुद्रातच थुंकलो.” यावर आपले पत्र आले : “सदर ठिकाणी समुद्र असल्याचे साक्षीवरून सिद्ध होते. समुद्रात विद्यार्थी उभा असणे संभवत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.”

५. अर्जदाराच्या आईने तो प्रयोग पाहिला होता. “मला शोधू नकोस, दिसणार नाही,” असे अर्जदारानेच तिला बजावले होते. आपले पत्र वाचून ती म्हणाली, “खरं सांग बाळा, त्या दिवशी होतास कुठे?” तिच्या मागून दादा म्हणाला, “समुद्रावर.” घरात अर्जदाराला आता कोणी काही विचारत नाही, फक्त जेवताना ताट जरा लांब ठेवतात.

६. एका नाट्यगृहाने अर्जदारासाठी साहाय्यक निर्मिती व्यवस्थापकाची जागा धरून ठेवली आहे. निकाल हाती नसेल तर पुढच्या महिन्यात ती दुसऱ्याला जाईल. (तो दुसरा बादलीवाला आहे.) आपल्या कार्यालयाने पुरवणी परीक्षेस बसण्याची मुभा दिली, परंतु अट घातली की विद्यार्थ्याने रस्त्यावरील कामगारांचे चमकते पिवळे जाकीट घालावे व अधूनमधून परीक्षकांना दर्शन द्यावे. विभागप्रमुख बाईंनी कळवले की पिवळे जाकीट दिसताच शून्य. म्हणजे दिसला तर नापास, न दिसला तर गैरहजर.

सबब विनंती अशी की, पुरवणी परीक्षेत तेच नाटक व्हावे आणि अर्जदारास त्या दिवशी खरोखर गैरहजर राहण्याची लेखी परवानगी मिळावी. टेकणी अद्याप दुरुस्त झालेली नाही. अर्जदार पिवळे जाकीट घालून, पूर्ण उजेडात, पहिल्या रांगेत परीक्षकांच्या शेजारच्या खुर्चीत बसेल व कशालाही हात लावणार नाही. नाटक आपोआप पार पडले, तर गैरहजेरीचा शेरा अर्जदारास मान्य असेल. भिंत प्रेक्षकांच्या दिशेने झुकते, ही माहिती केवळ सौजन्य म्हणून दिली आहे. तरी परीक्षकांनी निःशंक बसून राहावे. भिंतीखाली सगळे एकत्रच असू, आणि या वेळी अर्जदार त्यांना अगदी जवळून दिसेल.

आपला, नम्रतेची शिकस्त केलेला,
अर्जदार
(सही काळ्या शाईत आहे, उजेडात पाहावी)

दिनांक : आपला शिक्का पडेल तो