सतरा नंबरची झडप

सोमवार, ६ जानेवारी

आले बाई एकदाची! दोन गाड्या बदलल्या, तिसरी कंपनीची जीप, ट्रंकेचं कुलूप वाटेतच तुटलं, पण आले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, दोन कपाटं, खिडकीशी एक खुर्ची. दुसरी खाट इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची. आपण घोरतो आणि त्याला इलाज नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. म्हटलं, मी झोपेत बडबडते, फिटंफाट.

खिडकीतून नुसते आरसेच दिसतात, हजारो, सगळे उन्हाकडे तोंड करून. आईला फोन करून पोचल्याचं कळवलं. नोकरी नेमकी कुठे लागली ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. दोन वर्षं झाली, ती काहीच विचारत नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

काम समजावून घेतलं. आरशांच्या उन्हानं मीठ वितळवतात. खाण्याचं नव्हे, खतात घालतात त्या जातीचं. ते पाण्यासारखं पातळ होऊन पाइपांतून फिरतं, त्याच्या तापावर वाफ आणि वाफेवर वीज. ग्यानबाची मेख एवढीच, की ताप दोनशे चाळीसच्या खाली उतरला की हे मीठ पाइपातच दगड होऊन बसतं. म्हणून प्रत्येक पाइपाला, प्रत्येक झडपेला विजेची गरम तार गुंडाळलेली, वर जाड आवरण, आणि जागोजागी ताप मोजणारे सेन्सर. त्यांचे आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतात. ते राखायचे, हे माझं काम.

फोरमनला सगळे खडूमास्तर म्हणतात. साठीला आलेला माणूस, खिशात कायम पिवळे मेणखडू. हा खडू बरोबर दोनशे साठला वितळतो. आवरणातली छोटी फट उघडून लोखंडावर रेघ ओढायची. वितळली तर झडप गरम, कोरडी राहिली तर गार. पडद्यावर आकडा दिसत असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी साळसूदपणे विचारलं. सगळी पोरं हसली, कारण उत्तर त्यांना पाठ होतं.

"आकड्यावर विसंबायचं नाही, पोरी. हात लावून बघायचं."

रेघ ओढण्याला ते हात लावणं म्हणतात. मीही हसले. हसताना दात किती घट्ट आवळले होते ते माझं मला ठाऊक.

शुक्रवार, १० जानेवारी

आता वहीशी काय लपवाछपवी. माझा दादा इथेच गेला. सतरा नंबरच्या झडपेवर.

ऊन नसलं की मीठ गोठायच्या आत झडपा उघडून पाइप रिकामे करतात. त्या दिवशी तेच करायचं होतं. सतराचा सेन्सर बिघडलेला होता. नवा बसवायचा कंटाळा म्हणून कुणीतरी त्याची वायर अठराच्या सेन्सरला पिळून जोडली. पडद्यावर दोन्ही गरम दिसायला लागले. म्हणजे आकडा शेजारच्या झडपेचा आणि नाव सतराचं. आत मिठाचा बोळा गोठलेला. दादानं झडप उघडली, काहीच येईना, म्हणून वाकून बघायला गेला, आणि बोळा सुटला. त्याचा चेहरा आम्हाला दाखवला नाही.

कंपनीच्या तपासणीच्या वहीत लिहिलं होतं, "सतरा तपासला, ठीक." खाली खडूमास्तरची सही. शिक्षा काय, तर बढती थांबवली. माझ्या आईचा मुलगा गेला, आणि याची बढती! मेल्यानं जीभ तरी चावायची होती हात लावण्याच्या गोष्टी सांगताना.

मी सासरचं आडनाव लावते. इथे कुणाला पत्ता नाही.

आज पहिल्यांदा सतरापाशी गेले. फट उघडली. लोखंडावर पिवळी बरोबरची खूण होती, उलटी. दादा डावखुरा होता. त्याची खूण उलटी, त्याचा वायरचा पीळही उलटा. घरी मिक्सर दुरुस्त केला की तो पीळ सोडवताना मी त्याच्या नावानं बोटं मोडायची.

झडप दोनशे नव्वदला होती. खडू तिथे टिकूच शकत नाही. मी उभी राहून रडले. मग बरं वाटलं. म्हणजे दादा माझ्या बाजूनं आहे.

सोमवार, १३ जानेवारी

ठरलं. करावं तसं भरावं.

दादा गेल्यापासून पाइप रिकामे करताना झडप उघडायला खडूमास्तर दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही, स्वतः जातो. फार बरं. अडचण एकच, त्याचा खडू. तर भांडारात एकशे वीसला वितळणारे खडूही आहेत. रंग तोच, फक्त कागदी पट्टी वेगळी. त्यांच्या पट्ट्या सोलल्या, दोनशे साठच्या चिकटवल्या, आणि तो चहाला गेला तेव्हा त्याच्या खडूंच्या डब्यात अदलाबदल केली.

गुरुवार, १६ जानेवारी

ढग आलेत. आरसे आंधळे. उद्या-परवा पाइप रिकामे करायला लागतील असं सगळे म्हणताहेत.

दुपारी सतराची गरम तार अर्ध्यावर आणली आणि तिच्या सेन्सरची वायर अठराला जोडली. पडद्यावर दोन्ही झकास. निघताना फट उघडून पाहिली. खुणेच्या जागी मोठी फुली होती. मी तिला हात जोडले. इथेच, म्हणतोय दादा. इथेच.

घरीसुद्धा तो अशाच फुल्या मारायचा. फुटक्या प्लगवर, जुन्या औषधाच्या बाटलीवर. मी लहान होते तेव्हा, मला वाचता येत नव्हतं तेव्हा.

शनिवार, १८ जानेवारी

झालं.

सकाळी साडेदहाला खडूमास्तर गेला. मी पडद्यासमोर. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, की रेघ वितळली, सतरा गरम आहे, उघडतो. माझ्याकडे तीन श्वासांचा वेळ होता. मोजले मी. एक. दोन. तीन. मग बोळा सुटल्याचा आवाज, आणि त्याचा. त्याचा फार वेळ नाही आला.

धावाधावीत वायर सोडवली, तार पूर्ववत केली. जेवण पोटभर गेलं. दादा, फिटलं रे.

सोमवार, २० जानेवारी

कपडे नीट घडी करशील म्हणून खडूमास्तरचं कपाट आवरायला मलाच सांगितलं.

खाली एक पत्र्याचा डबा होता. डब्यात वायरचा जळका तुकडा. दोन टोकं पिळून जोडलेली. पीळ उलटा.

मी तो सोडवून पाहिला. चारदा पाहिला. उलटाच.

सोबत चिठ्ठी, खडूमास्तरच्या हातची. "पोराची स्वतःचीच चूक. मी न बघता सही केली, तेवढी माझी. घरी कळू नये, म्हातारी खचेल. दोष माझ्यावर राहू दे." आणि खाली माझा नोकरीचा अर्ज. फोटोभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. कारकुनाला विचारलं. म्हणाला, ह्या मुलीलाच घ्या म्हणून मास्तर साहेबांशी भांडले होते.

त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

आणि फुली. देवा, फुलीचा अर्थ तर मला वाचायला यायच्या आधीपासून माहीत होता. हात लावू नकोस.

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळी उठले तर डाव्या मनगटावर पिवळी रेघ. सरळ, उजव्या हाताची. कोरडी.

पुसली. बोटानं घासली, नखानं खरवडली. निघाली तेव्हा खालची कातडी पांढरी आणि टणक होती. डावी करंगळी वळत नाही.

जिभेवर सारखी खारट चव. हीटर लावलाय, दोन पांघरुणं घेतलीत.

दुपारी दुसरी रेघ, कोपराजवळ. तीही कोरडी. तो फेरीवर आहे. फट उघडून बघतोय – एकेक करून –

बुधवार, २२ जानेवारी

डावा हात आता लाकूड. टेबलावर आपटला तर ठक्क वाजतो. तिसरी रेघ गळ्याखाली.

मास्तर, चुकले. आईला सांगते, सगळं सांगते – तुमचा दोष नव्हता – लिहून देते –

घोट उतरत नाही. घशात बोळा. गोठलाय.

नर्सबाईंना हाक मारली, आवाज अर्धाच निघाला. आल्या. थर्मामीटर लावला, दिव्याखाली धरून पाहिला, हसल्या. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. अगदी ठणठणीत आहेस, म्हणाल्या. जागरणानं होतं असं. झोप.

तो आकडा माझा नाही. त्यांचा आहे. शेजारच्या खाटेचा. कुणीतरी वायर –

मी लावली ती वायर. तशीच –

परत हाक मारते. ओठ हलत नाहीत. त्या पाठमोऱ्या, चादर झटकताहेत. ही वही त्यांच्या अंगावर फेकीन. उजवी तर्जनी जड झाली – मधलं बोट गेलं – एवढंच मोठ्या अक्षरात लिहिते –

बाई आकडा नका बघू

हात ला