हॉलमधल्या फळ्या आणि बाबांचा डोळा

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घे, गेले चार दिवस मी जमिनीवर आडवा पडून फळ्यांची खालची टोकं घासतोय.) बाबांचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतात ना? भावजींना नमस्कार सांग. आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फोनच करणार होतो, पण तुझ्याकडे फोन बाबा उचलतात, आणि माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून त्यांना कळतं की मी काहीतरी करून ठेवलंय. तर ऐक. वर्षभर बाबा रोज म्हणायचे, "हॉल फार काळवंडलाय रे." आता आपला हॉल तुला ठाऊकच आहे: आठ महिने, रविवार-रविवार करत, बाबांनी स्वतःच्या हातांनी चारही भिंतींवर ठोकलेल्या तपकिरी फळ्या. आम्हाला वाटलं, मोठं माणूस, स्पष्ट बोलत नाही, सुचवतंय. ते मोतीबिंदूसाठी तुझ्याकडे निघाले त्याच दिवशी हिने रंगारी बोलावला. फळ्या पांढऱ्या, हॉल लख्ख, बाबा खूश! काळवंडला होता तो हॉल नव्हे, बाबांचा डोळा, हे तुझं परवाचं पत्र येईपर्यंत आमच्या टाळक्यात शिरलं नाही. त्यात तू लिहितेस, घरी गेल्यावर मी आधी माझ्या फळ्या डोळे भरून बघणार, असं बाबा सारखे म्हणतात.

रंगारी बिचारा शहाणा होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, आधी घासू, मग लाखेचा हात देऊ, नाहीतर गाठी वर येतील." मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस. (अति घाई संकटात नेई, हे मी रोज रस्त्यावर वाचतो.) तीन भिंती रंगवून झाल्या, दाराकडची तेवढी राहिली, आणि दोन दिवस हॉल झकास दिसला. तिसऱ्या दिवशी सोफ्यामागून एक पिवळा डाग माझ्याकडे टक लावून बघत होता. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. लाकडाच्या गाठींतला चीक रंगातून पाझरतो म्हणे. दुसरा हात मारला. सकाळी सगळे पुन्हा हजर. मग खरवडायला घेतलं, तर रंगाबरोबर बाबांचं पॉलिशही निघालं. रंगारी हात झटकून मोकळा झाला. ही म्हणते, कल्पना तुमचीच. (कोणाची ते तुला तोंडी सांगेन.) आज बुधवार. बाबा रविवारी येणार.

तुझा,
धाकटा

ता. क. आठ दिवस प्रवास नको, असं डॉक्टरांकडून वदवून घे ना. धूळ डोळ्याला वाईटच, आणि इथे धूळ आहे हे अगदी खरं आहे.

ता. क. २. तेही जमलं नाही, तर रंगाचं तुझ्या डोक्यातून निघालं म्हणून सांग. तुझ्यावर ते कधी रागावत नाहीत.

ता. क. ३. हिने आत्ता तुझं पत्र उलटून पाहिलं. मागच्या बाजूला तू लिहिलंयस की पट्टी निघाल्यापासून घरातलं सगळं टपाल बाबाच फोडतात, आणि डोळा तपासायला शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. हे पत्र फाडणार होतो. नाही फाडत. बाबा, चुकलो. दाराकडच्या भिंतीला अजून कोणाचा हात लागलेला नाही, लागू देणार नाही. बाकीच्या तीन कशा सावरायच्या ते मला येत नाही. रविवारीच या.