ठिपकीचं वजन

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. इंजिनरूममध्ये उकडतं, जेवण बरं आहे, नवा साहेब तिरसट आहे आणि ठिपकीचं वजन कळव. फोनवर तू "हं"च्या पलीकडे जात नाहीस म्हणून मी पत्रं लिहायला लागले, तर तू आता पत्रातही "हं"च लिहितोस. जहाजावर शब्दांचं रेशन असतं का रे?

इकडे सगळं ठीक. दुकान चाललंय. सध्या भिंतीवरची जुनी घड्याळं फार येताहेत. लोक आजोबांचं घड्याळ माळ्यावरून काढतात, त्यातली झुरळं माझ्या टेबलावर सांडतात आणि "चालू होईल ना हो?" असं विचारतात. माझा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढवतो. समोरच्या इस्त्रीवालीने तुझी दोन वेळा चौकशी केली. मी सांगितलं, मजेत आहे.

ठिपकीही बरी आहे. वजन पंचावन्न ग्रॅम, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा एखाद्या ग्रॅमने कमी. थोडी सुस्त वाटते, थंडीमुळे असेल. तिची काचपेटी मी दुकानामागच्या खोलीत माझ्या कामाच्या टेबलाजवळ आणून ठेवलीय, म्हणजे दिवसभर नजर राहते. परवा तिच्या खाऊच्या डब्यातून पाच रातकिडे पळाले आणि कपाटामागे बसून किरकिरायला लागले. एक गिऱ्हाईक बिचारं आपल्याच घड्याळाचा गजर वाजतोय समजून ते कानाला लावून बसलं होतं. मी काही बोलले नाही. दुकानात पाल पाळलीय हे कळलं असतं तर घड्याळ टाकून पळालं असतं.

एक सहज विचारते. तुझ्या बायकोने ठिपकीच्या देखभालीचा जो कागद लिहून ठेवलाय, त्यात "ओला डबा रोज" याखाली तिने लाल शाईने दोन रेघा मारल्यात. मास्तरीण होती, तिला रेघा मारायची सवयच, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. पण हे इतकं महत्त्वाचं आहे का? प्राणी तर वाळवंटातला ना? घाई नाही, सवडीने कळव.

तब्येतीला जप. काळजी करण्यासारखं इकडे काही नाही.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते लिहिलं त्या दिवशी ठिपकीचं वजन एक्केचाळीस ग्रॅम होतं. आज तेहेतीस आहे.

हे वाचून तुझं काय होईल, ते मला कळतंय. सव्वा वर्षापूर्वी मास्तरीण गेली तेव्हा तू तीन दिवस त्या काचपेटीसमोर बसून होतास, आणि जहाजावर जाताना पेटी माझ्या हातात देऊन एवढंच म्हणालास, "ताई, हिला सांभाळ." माझा गुडघा सांभाळ म्हणाला नाहीस, स्वतःला सांभाळ म्हणाला नाहीस. तेवढं एकच काम तू मला दिलंस आणि त्याची मी माती केली.

कशी केली ते लिहिते. मी घड्याळवाली. मला दमट हवेची भीती वाटते, जशी दुसऱ्या कोणाला सापाची वाटत असेल. मागच्या खोलीत पेटी आणली आणि दोन दिवसांत मला तिथे ओलसर वास यायला लागला. तिच्या त्या डब्यातलं ओलं शेवाळ. माझ्या कपाटात गिऱ्हाइकांची चाळीस घड्याळं उघडी पडलेली. मी शेवाळ काढून फेकून दिलं. वर, कपाटात घालते त्या ओल शोषणाऱ्या आठ पुड्या पेटीतल्या कागदाखाली नीट ओळीने मांडल्या. मला वाटलं, वाळवंटातली आहे, खूश होईल. अगदी व्यवस्थित काम केलं बघ, नेहमीसारखं.

तिला कात टाकताना ओल लागते, हे मला कुठे माहीत! म्हणजे माहीत होतं, लाल शाईत लिहिलेलं होतं. कोरड्या हवेत कात सुटलीच नाही. एकावर एक थर चढत गेले, बोटांभोवती आणि डोळ्यांवर. मास्तरीण मला कौतुकाने सांगायची, "अहो ताई, भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला आहेत, बघा कशी डोळे मिचकावते." मी नाक मुरडायचे. आता त्या पापण्यांखाली जुन्या कातडीचे बोळे अडकलेत आणि तिला काही दिसत नाही. दिसत नाही म्हणून किडा पकडता येत नाही. समोर किडा फिरत असतो आणि ती भलतीकडेच तोंड करून उभी असते. शेपटीत ती चरबी साठवते, तीच तिची शिदोरी. एके काळी माझ्या अंगठ्याएवढी जाड होती, आता पेन्सिल झालीय.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारी घेऊन गेले. भला माणूस आहे. सरळ म्हणाला, "मी कुत्री-मांजरं बघणारा. हिच्यासाठी मला पुस्तक उघडावं लागेल, चालेल का?" मी म्हटलं, चालेल. त्याने तिला उलटीपालटी करून पाहिलं आणि विचारलं, "पेटी फार कोरडी तर नसते ना?"

मी म्हटलं, "छे हो."

का म्हटलं? साठीची बाई मी, परक्या माणसासमोर चूक कबूल करायला जीभ रेटेना. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि पोटातले जंत शोधण्यात तीन दिवस गेले. गुरुवारी तिचं डाव्या पायाचं एक बोट काळं पडून गळालं. कातडीची अंगठी आवळत जाऊन त्याचं रक्तच बंद झालं होतं. ते बोट तांदळाच्या कणीएवढं होतं, धाकट्या. मी ते कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे गेले आणि पुड्यांचं सगळं सांगितलं. तो रागावला नाही. "बाई, हे सोमवारी सांगायला हवं होतं हो," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात तिला पंधरा मिनिटं बसवते, पोट भिजेल इतक्याच पाण्यात. पाठीला ओला कापूस. मग डॉक्टरांनी दिलेली भुकटी पाण्यात कालवून ड्रॉपरने एकेक थेंब तिच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवते. चाटली तर चाटली. काल सात थेंब चाटले. आज दोन, आणि मग तोंड फिरवलं. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. आधी विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या. मग टेबलावर डोकं टेकून रडले, तर तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

सकाळी पेटीवरचं फडकं काढायचं धैर्य होत नाही. पस्तीस वर्षं केसासारखी स्प्रिंग बसवणारे हात आहेत हे, पण त्या फडक्याशी येऊन थांबतात. फडक्याखाली ती हललेली नसते, आणि मी बोटाने डिवचते तेव्हाच पोट जरा वर-खाली होतं.

डॉक्टर म्हणतात, तीसच्या खाली गेली तर त्यांच्या हातात काही नाही. तू येऊ नकोस. म्हणजे ये. येता येत असेल तर ये. मला काय लिहावं सुचत नाही.

ताई


४ मार्च

धाकट्या,

ठिपकी जिवंत आहे. आधी तेवढं वाच, मग पुढचं.

मागचं पत्र टाकलं त्यानंतर ती एकतीसवर आली. दोन दिवस तिथेच. पाण्यात भिजवून भिजवून बोटांची कात सुटली, पण डोळ्यांचे बोळे हलेनात. शेवटी शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, काढावेच लागतील. त्यांनी चिमटा घेतला, वाकले आणि पुन्हा सरळ झाले. "बाई, खरं सांगू का? एवढ्या बारीक कामाला माझा चिमटा जाडा आहे आणि माझे हातही. तुम्ही काय करता म्हणालात?"

मी दुकानात जाऊन भिंग आणि चिमटे घेऊन आले. त्यांनी तिला मऊ फडक्यात धरलं, डोळ्यात औषध घातलं, पापणी वर केली आणि मला सांगत राहिले, "ओढायचं नाही. कडा सुटेपर्यंत थांबा. आता थोडं. थांबा." भिंगातून तिचा डोळा दुकानातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा दिसत होता. माझ्या चष्म्यावरून घाम ओघळला तो डॉक्टरांनी त्यांच्या बाहीने पुसला. उजव्या डोळ्यातून पिवळट बोळा निघाला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तीन थर. म्हणजे तीन वेळा तिने कात टाकायचा प्रयत्न केला होता माझ्या शेजारी बसून, आणि मी तिकडे पाठ करून लोकांची घड्याळं चालू करत होते.

डाव्या डोळ्याचा पूर्ण निघाला नाही. त्या डोळ्याने तिला किती दिसेल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

घरी आणली तरी दोन दिवस काही खाईना. मला वाटलं, संपलं. रविवारी दुकान बंद ठेवून मी पेटीसमोर स्टूल टाकून बसले. चिमट्यात एक अळी धरून तिच्या उजव्या डोळ्यासमोर हलवत होते. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायची. दुपारी तिने मान वळवली. अळीकडे बघितलं, म्हणजे खरंच बघितलं रे. शेपटीचं टोक वळवळलं आणि तिने झेप घेतली ती माझ्या चिमट्यावर. अळी खाली पडली. दुसऱ्यांदा नेम बसला. मी इतक्या मोठ्याने ओरडले की समोरची इस्त्रीवाली इस्त्री तशीच ठेवून धावत आली. पाल बघून ती दारातच थबकली, पण मी रडताना बघून आत आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत पेटीकडे न बघता म्हणाली, "खातेय ना? मग रडता कशाला?"

त्यानंतर रोज चार-पाच अळ्या. आज सकाळी चौतीस ग्रॅम. हा आकडा खरा आहे. शेजारच्या सोनाराचा काटा आणलाय आणि वजन करताना त्यालाच आकडा वाचायला लावते, कारण माझ्यावर माझाच भरवसा उरला नाही. अजून पंधरा-वीस ग्रॅम भरायचे आहेत, कित्येक महिने लागतील. डॉक्टर म्हणतात, धोका टळला असं अजून म्हणू नका. मी म्हणत नाही.

काल दुपारी तुझ्या कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. कोणी मुलगी होती, अवघडून बोलत होती. म्हणाली, "तुमच्या भावाचा जहाजावरून निरोप आहे. जिवंत आहे का, एवढंच विचारलंय त्यांनी." क्षणभर मला कळेचना, कोण. मी "आहे" म्हटलं. ती म्हणाली, "बरं, कळवते. आजारी कोण आहे, तुमची आई का?" मी "हो" म्हणून फोन ठेवला.

आता दोन्ही पत्रांत मी जे लिहिलं नाही ते लिहिते. यापुढचं वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस कदाचित, पण तुला पुन्हा खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

पुड्या अजाणतेपणी ठेवल्या, ते खरं आहे. पण तिचे डोळे चिकटलेत हे मला जानेवारीतच दिसलं होतं. मी दिवसभर भिंग लावून बसणारी बाई, मला दिसणार नाही? मी आठ दिवस काही केलं नाही. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसतात. मी रोज त्या बाजूने भाजी आणायला जात होते.

डिसेंबरात तू एक लांब पत्र लिहिलंस, वर्षभरातलं एकच. त्यात लिहिलं होतंस, "ताई, आता माझं म्हणून जगात ठिपकीशिवाय कोणी उरलेलं नाही." असं मलाच लिहिलंस. तू चार वर्षांचा असताना आई गेली. तुझ्या वेण्या घालायच्याच काय त्या राहिल्या, बाकी सगळं मी केलं. तुझा पहिला पगार, तुझं लग्न, मास्तरणीचं आजारपण, सगळ्यात होते मी. आणि उरली कोण, तर पाल. ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि पेटीकडे बघितलं, आणि मला तिचा राग आला. खरंच राग आला, एवढ्याशा जिवाचा. ती खाईना झाली तेव्हा माझ्या मनात आलं, ही गेली तर धाकट्याला माझ्याकडेच यावं लागेल. आठ दिवस मी त्या विचाराबरोबर राहिले. नवव्या दिवशी तिने तोंड उघडलं, आवाज न करता, आणि तसंच उघडं ठेवून उभी राहिली, आणि मला माझीच किळस आली. तेव्हापासून तिला जगवायला धडपडतेय. पण तरीही तुला खोटं वजन लिहिलं आणि डॉक्टरांकडे जायचं धैर्य यायला आणखी दिवस घालवले.

माफी मागत नाही. मास्तरणीची मागितली, तिच्या कागदासमोर बसून. तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही. ठिपकी सावरली की तुला हवं तर तिला दुसऱ्या कोणाकडे ठेव. डॉक्टर ठेवून घेतील, मी विचारून ठेवलंय. ते माझ्यापेक्षा बरे.

फक्त एक गोष्ट. तो निरोप कालपासून माझ्या मनातून जात नाही. कधी वाटलं, तर ऑफिसातल्या त्या मुलीला तसाच फोन माझ्यासाठीही करायला सांगशील का? ताई जिवंत आहे का, एवढंच विचार, दुसरं काही नको. उत्तर द्यायला मी असेन तोवर मीच देईन.

ठिपकी जिवंत आहे. मी पण आहे रे.

ताई