पॉइंट सात आठ नऊ

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला आज पहिल्यांदाच बसले आहे. कंपनीतून अष्टमी गावातल्या घरी आले, चहासुद्धा ठेवला नाही. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. साहेब म्हणतात, लॅबमध्ये अजून थोडी वर्षं थांबा. घरच्यांना वाटतं मी हो म्हणेन. मी फार थकले आहे, आणि थकले की मला पेणच्या कॉलेजातली तुमची प्रयोगशाळा आठवते.

मार्चातली दुपार होती. मी धरमतरकडून एसटीनं यायचे. आमच्याकडे सगळे मिठागरात राबणारे, कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच, आणि नापास झाले तर शिक्षण बंद हे घरी ठरलेलं. त्या दिवशी इथेनॉलची घनता काढायची होती. रिकामी बाटली तोलायची, अल्कोहोलनं भरून पुन्हा तोलायची, वजनातल्या फरकाला बाटलीच्या आकारमानानं भागायचं. माझं उत्तर आलं पॉइंट सात सात नऊ. पुस्तकात पॉइंट सात आठ नऊ. बाटली वाळवून पुन्हा केलं, तरी तेच. मला रडू फुटलं. तुम्ही टेबलाशी येऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, "काय झालं?"

"बाई, बरोबर येतच नाय."

"पुस्तकातला आकडा किती डिग्रीचा आहे?"

"वीस."

"आणि इथं?"

मी थर्मामीटर बघितला. बत्तीस.

"मग पेणमध्ये मार्चात वीस डिग्री कुठून आणणार तू? तापलं की अल्कोहोल फुगतं, त्याच बाटलीत वजनाला कमी बसतं. तुझं उत्तर बरोबर आहे." मी डोळे पुसत होते, तेवढ्यात तुमचा आवाज चढला. "पण तापमान लिहिलं नाहीस. तापमान न लिहिता घनता सांगायची नाही. परत असं आणलंस तर मी तपासणार नाही." सगळा वर्ग बघत होता. मला उत्तर बरोबर आल्याचा आनंद मानावा की बोलणी खाल्ल्याचं वाईट वाटून घ्यावं, कळेना.

पुढे रोह्याच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून लागले. तिथली एक दुपार तुम्हाला सांगायची राहून गेली. इथेनॉलचा टँकर आला होता. त्यातला माल रिॲक्टरमध्ये घेऊन त्यात सोडियम सोडायचं होतं, आणि पाण्याशी सोडियम भडकतं, म्हणून पाण्याचा अंश चालणार नव्हता. पाणी मोजायचं यंत्र नेमकं बिघडलेलं. मी घनता काढली. पॉइंट सात आठ नऊ, अगदी पुस्तकातली. मॅनेजर मागेच उभे होते. म्हणाले, "झालं की. पास करा."

"सर, हे बत्तीस डिग्रीला आलंय. शुद्ध असतं तर कमी यायला पाहिजे होतं. पाणी जड, म्हणजे यात शंभराला तीनेक भाग पाणी असणार."

"मॅडम, पुस्तकातला आकडा आलाय. अजून काय पायजे तुम्हाला? अख्खी शिफ्ट बसून राहील."

"राहू दे. मी सही करणार नाय."

ते दार आपटून गेले. रिॲक्टरवरचा ऑपरेटर खाली आला. त्याची बायको बाळंतपणाला वडखळला माहेरी गेलेली, त्याला लवकर सुटून तिकडे जायचं होतं. "ताई, कशाला अडवताय? रोज घेतो तसाच माल हाय," तो म्हणाला. मी त्याला सोडियम आणि पाण्याचं समजावत बसले नाही. एवढंच म्हटलं, "आज नाय घ्यायचा." तो चिडून निघून गेला.

नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पाणी होतं. टँकर परत गेला. मॅनेजर त्यावर माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि बढतीच्या वेळी माझं नाव मागे राहिलं. ऑपरेटरला मुलगी झाली. पेढे घेऊन तो लॅबमध्ये आला, तेव्हा टँकरची गोष्ट तो विसरूनही गेला होता. मी पेढा खाल्ला. काही झालंच नव्हतं, मग त्याच्या लक्षात तरी काय राहणार? त्यानंतर किती टँकर आले, किती वेळा हुज्जत घातली, मोजदाद नाही. सगळं त्याच खोलीत, त्याच वासात.

आज साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी खात्री कुणाला नसते, म्हणून थांबा म्हणतोय." मी बघते म्हणाले आणि बस पकडली. कागद घडी करून ठेवीन, पाकिटावर लिहायला पत्ता नाही. पण बाई, टँकरच्या त्या दुपारी मला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर येईपर्यंत मला वाटत होतं की मीच चुकलेय. नंतरही प्रत्येक वेळी तसंच वाटत आलं. आता पुरे.