सांता लुसियाचा कापूस

१८ नोव्हेंबर
सित्लालीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आरिस्मेंदीबाई म्हणाल्या, पोरीच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडलाय, सुळक्यासारखा पुढे येतोय. नाव केराटोकोनस. जानेवारीत औषध घालून, प्रकाश सोडून तो कडक करू. पण डोळे चोळणं आजपासून बंद, नाहीतर नजर जायची. सतरा वर्षांची पोर!

हे सगळं नवऱ्याच्या घराण्याचं. एलेउतेरियोची आत्या सोलेदाद चर्चच्या प्रार्थनेला, भर मिस्सात, शांतीची मिठी भलत्याच बाईला मारते. माझ्या माहेरी एकेकाची नजर घारीची.

संकल्प: या घरात कोणी डोळा चोळणार नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ
चर्चमध्ये सांता लुसियाच्या मूर्तीला कापूस टेकवून आणला. डोळ्यांची राखणदार तीच. सित्लालीच्या पापण्यांवर दाबून गोल गोल फिरवला. हलक्या हाताने आशीर्वाद आत कसा जाणार? कार्टी ओरडली, आई, हेच ते चोळणं! म्हटलं, ही प्रार्थना आहे.

उरलेला वाया कशाला घालवा? माझ्या डोळ्यांवर फिरवला. लहानपणापासूनची सवय. म्हणून तर माझे डोळे असे आहेत.

२४ नोव्हेंबर
दवाखान्याला तुलनेसाठी निरोगी डोळ्यांची माणसं हवीत. टेस्ट फुकट. लगेच नाव दिलं. एलेउतेरियो म्हणाला, अगं, सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतेस तू! सुयाच हल्ली वाईट येतात.

३ डिसेंबर
नवसाचे पत्र्याचे डोळे घेतले, सित्लालीसाठी एक जोडी. विकणारी म्हणाली, सेन्योरा, दोन घ्या, स्वस्तात देते. मला काय करायचेत?

झोप नाही. कापूस रोज दोनदा फिरवावा.

९ डिसेंबर
टेस्ट. मशीन डोळ्यावर हवेची फुंकर मारतं, पडदा किती दबतो ते बघतं. घट्ट पडदा कमी दबतो, मऊ जास्त. माझी टेस्ट बाईंनी तीनदा केली. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. नमुनेदार डोळे असणार.

विचारलं, डोळे चोळता? छे, कधीच नाही. सित्लाली लगेच म्हणाली, कापूस सांग ना, कापूस! सगळं भडाभडा सांगितलं मेलीने. बाईंनी कपाळाला हात लावला.

११ डिसेंबर
रिपोर्ट. निरोगींच्या यादीतून माझं नाव काढलं. माझाही पडदा मऊ. बाई म्हणाल्या, पोरीला हे तुमच्याकडूनही आलं असेल. फुंकर जोरात बसली असणार. बोलले तसं. कोणी ऐकलं नाही.

सित्लाली म्हणाली, तू चोळणं सोड, मीही सोडते. नाहीतर जानेवारीत मी उपचाराला काही जात नाही.

१३ डिसेंबर, सांता लुसियाचा दिवस
पत्र्याच्या डोळ्यांची दुसरी जोडी घेतली. आज सणाचा चढा भाव. दोन्ही जोड्या मूर्तीच्या झग्याला टाचल्या. कापूस नेला नाही.

मिस्सात शेजारच्यांना शांतीची मिठी मारायची वेळ आली. आत्याशी गोडीने वागायचं ठरवून कडकडून मिठी मारली. मागून आवाज आला, अगं बये, मी इकडे आहे!

डोळ्यांत पाणी आलं. हात वर जाताच सित्लालीने दोन्ही मनगटं पकडली. मग मीही तिची पकडली. प्रार्थना संपेपर्यंत तशाच बसलो. खाज मात्र फार.