शकूचं पुढे काय

१४ जुलै २००३
राजीनामा दिला एकदाचा. आधी पेपर, मग केबल चॅनलच्या बातम्या. आता कादंबरी. साहेब म्हणाले, बरं चाललं होतं की. होतंच. तक्रार नाही, या नोकरीनं मला घरोघरी चहा पाजला. मोहननं एवढंच विचारलं, टेबल खिडकीशी लावू का? नवरा असावा तर असा.

२ ऑगस्ट
कादं. अडली. नायिका शकू, सातपूरच्या कारखान्यातली कामगार. सकाळी स्वारी सातपूरला, शकूची बस कुठे थांबते ते बघायला! दोघांना विचारून खात्री केली, तेव्हा कुठे वाक्य सरकलं. मो. हसून हसून बेजार. हसू दे.

१९ नोव्हें. २००४
बाड प्रकाशकांना पसंत. पण शकू म्हणजे बरीचशी सुमनताई. त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा गेटवर माझ्या कॅमेऱ्यापुढे बोलल्या होत्या. त्या बातमीनं मला नाव मिळालं, त्यांना काम काही परत मिळालं नाही. त्या नको म्हणाल्या तर छापायचं नाही. ठरलं.

२३ नोव्हें.
सिन्नरला गेले. सुमनताई लेकीकडे असतात आता. दुपारभर वाचून दाखवलं. मध्येच उठून त्यांनी भाकऱ्या टाकल्या, मला जेवू घातलं, परत ऐकायला बसल्या. शेवटी शकू बंद गेटपुढे उभी, संपलं. मला वाटलं रडतील.
"ही काय मी नाय. लय बोलती ही. छापा. पन पुढं काय?"
म्हटलं, पुढं काही नाही.
"बातमीत तुमच्या हातात नव्हतं, म्याडम. आता तुमीच लिवताय ना? मग घ्या की तिला कामावर."
म्हटलं, तसं घडलं नाही हो.
"तिचं कुठं काय घडलंय?"
बाड पिशवीत घातलं, निघाले. एसटीत भरून आलं. माझ्या लिखाणावर इतक्या हक्कानं कोणी बोललं नव्हतं.

२५ नोव्हें.
प्रकाशकांचा फोन. शेवट उत्तम आहे, हात लावू नका. बरं म्हटलं. फोन ठेवला आणि लिहिलं, गेट उघडलं.
शकू आत जायला तयार नाही. दुपारपासून तिथंच उभी. मोहन जेवायला बोलावून गेला दोनदा. मी बसलेय, बघू काय म्हणते.