चूकभूल कशाला म्हणायचं

पवनी,
ता. ११ मार्च १९७९

चि. श्यामलाल यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मुलगा झाला, बाळंतीण सखा सुखरूप आहे, वाचून बरं वाटलं. तिला थंड पाण्यात हात घालू देऊ नको. इकडे सगळं ठीक. बोडीचं पाणी उतरलंय, म्हणून तळ्यात मासोळी बरी मिळते.

आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार, रविवारी बारशाला यावंच, असं तू लिहिलंस. आणि खाली, "मागची चूकभूल पोटात घाल." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. भात चुलीवर ठेवते, पाणी घालायचं विसरते. लुगडी पिशवीत भरते, पुन्हा काढते. हे म्हणाले, "काहून अशी करून राहिली? भाऊच हाय तो. जा, नाव ठेवून ये." मी म्हटलं, "तुमाले काय जाते म्हणायले!" मग दिवसभर त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांचा बिचाऱ्यांचा काय गुन्हा!

चूकभूल मला कळते रे. माझ्या लग्नात वरमाईला शेवटच्या पंगतीत बसवलं, ती चूकभूल. बाबांनी हात जोडले, ती हसली, मिटलं. सखा माझ्या रांधण्याला नावं ठेवून गेली, तीही चूकभूलच. मी मनात धरली नाही. म्हणजे, थोडी धरली.

पण त्या दिवसाचं तू कार्डावर काहीच लिहिलं नाहीस. म्हणून मी लिहिते. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते. सकाळी कळा सुरू झाल्या. नदीपलीकडच्या गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होता. तू डोंगा पाण्यात सोडलास. "बाई, आताच येतो. एकच जोडी पाहून येतो." मायनं मला घाटावर आणून बसवलं. दवाखाना पलीकडे, डोंगा पलीकडे, तू पलीकडे. बैल हाकणाऱ्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. तुला हाका मारून मारून मायचा आवाज बसला. पोर वाळूतच झाली. थोडं रडली, मग रडली नाही. तू आलास तेव्हा तुझ्या कपाळाला गुलाल होता.

तिला मातीआड करताना तिचं नाव कुणी विचारलं नाही.

श्यामलाल, याला चूकभूल म्हणू नको. दुसरा शब्द मलाही सापडत नाही, पण हा नको. ज्याला हा शब्द लावला ते मिटलं असं धरतात, आणि माझं मिटलेलं नाही. राग आहे अजून. तुझी आठवणही येते, त्याचा आणखी राग येतो.

रविवारी मी येते. लेकराचा काय दोष? पण माफी मागू नको, पाया पडू नको. दारात, सगळ्यांच्या देखत एवढंच म्हण, "बाई, मी पटात रमलो अन् तुझी पोरगी गेली." मग मी पाळण्यापाशी जाईन. म्हणवलं नाही, तर दारातूनच परत फिरेन.

जिच्या कानात नाव सांगायचं राहून गेलं, तिची आई
आणि तुझी बहीण,
रेवता